खाली कोणीच नाही, हे ज्या टूलचेनला माहीत असतं

“ताई, लॅपटॉपवर जीसीसी आहेच की. मग कर्नलसाठी दुसरा कंपायलर बांधत कशाला बसायचं?” टीममध्ये नव्याने आलेल्या मुलाने हे विचारलं, तेव्हा मी वाद घातला नाही. त्याचा शिकाऊ कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, एक्स८६-६४ या प्रोसेसरसाठीच होता आणि लॅपटॉपही त्याच आर्किटेक्चरचा. म्हटलं, “आहे त्यानेच बिल्ड कर, काय होतं ते बघू.”

पहिल्या तासातच कोडचे तुकडे जोडणाऱ्या लिंकरने स्टॅक-चेक-फेल नावाचं फंक्शन मागितलं. असं काही त्याने लिहिलंच नव्हतं. त्याच्या लिनक्स डिस्ट्रोबरोबर आलेल्या जीसीसीत स्टॅक बिघडला का ते तपासणारा स्टॅक प्रोटेक्टर आपोआप चालू होता, आणि एरवी ते फंक्शन सी लायब्ररी पुरवते. तो बंद केला. मग ग्रब हा बूटलोडर म्हणायला लागला, मल्टिबूट हेडर (कर्नल ओळखायची खूण) सापडत नाही. हेडर होता; पण लिंकरने न सांगता बिल्ड-आयडीचा नोट सेक्शन घातला होता, तो सगळ्यांच्या आधी जाऊन बसला आणि हेडर फाइलच्या पहिल्या ८१९२ बाइट्सच्या बाहेर ढकलला गेला. ग्रब त्याच्या पुढे शोधत नाही. तेही निस्तरलं. कर्नल बूट झाला. टायमर इंटरप्ट चालू केला आणि तो अधूनमधून कोसळायला लागला, कधी दहा सेकंदांनी, कधी दोन मिनिटांनी.

हा शेवटचा प्रकार नीट समजून घेण्यासारखा आहे. एक्स८६-६४ वर सिस्टिम व्ही एबीआय नावाचा जो करार आहे, त्यात स्टॅक पॉइंटरच्या खालचे १२८ बाइट्स राखीव धरलेले असतात. त्याला रेड झोन म्हणतात. जे फंक्शन पुढे दुसऱ्या कोणाला बोलावत नाही, ते आपली लोकल व्हेरिएबल्स स्टॅक पॉइंटर न हलवता तिथे ठेवू शकतं. प्रोसेसरच्या दोन सूचनांची (इन्स्ट्रक्शन्सची) बचत होते. साध्या प्रोग्रॅमला याचा त्रास नाही, कारण इंटरप्ट आला की प्रोसेसर कर्नलच्या वेगळ्या स्टॅकवर जातो. पण कर्नलच चालू असताना इंटरप्ट आला तर प्रोसेसर त्याच स्टॅकवर, त्याच १२८ बाइट्सवर आपली फ्रेम लिहून मोकळा होतो. फंक्शन परत चालू होतं तेव्हा त्याच्या लूपच्या काउंटरमध्ये कुठल्यातरी रजिस्टरची किंमत बसलेली असते. कोडमध्ये चूक शोधून सापडत नाही, कारण कोडमध्ये चूक नसतेच. नो-रेड-झोन हा एक फ्लॅग दिला की प्रश्न मिटतो, पण तो द्यायला हवा हे आधी माहीत पाहिजे.

दीड दिवस गेला त्याचा. ते बघूनच टूलचेनचं, म्हणजे कंपायलर-असेंब्लर-लिंकर या संचाचं, हे परीक्षण लिहायचं ठरवलं. गेली चार वर्षं मी रात्री एक छोटा कर्नल लिहिते आहे, एक्स८६-६४, आर्म ६४ आणि रिस्क-व्ही अशा तिन्हींवर चालणारा. आणि दिवसा नोकरीत बोर्डांसाठी लिनक्स कर्नल बांधते. या काळात बऱ्याच टूलचेन वापरून झाल्या. टूलचेन निवडताना लोक विचारतात, कोणाचा कोड जास्त वेगवान? माझा पहिला प्रश्न वेगळा असतो: हा कंपायलर काय गृहीत धरतो? डिस्ट्रोचा कंपायलर धरून चालतो की खाली लिनक्स आहे, सी लायब्ररी आहे, कोणीतरी स्टॅक मांडून दिला आहे. कर्नलच्या खाली यातलं काहीच नसतं. हे टूलचेनच्या नावातच वाचता येतं. नावाच्या शेवटी लिनक्स-ग्नू असेल तर ती लिनक्सवर चालणाऱ्या प्रोग्रॅमसाठी आहे. ईएलएफ किंवा नन-ईएलएफ असेल तर खाली कोणी नाही हे तिला ठाऊक आहे. लिनक्स कर्नल स्वतः मात्र लिनक्स-ग्नूवाल्या कंपायलरनेही व्यवस्थित बांधला जातो, कारण त्याच्या मेकफाइल्स एकेक गृहीतक हाताने बंद करतात. तेवढी वर्षांची मेहनत आपल्या नव्या कर्नलच्या पाठीशी नसते.

सुरुवात करणाऱ्याला मी अजूनही स्वतः जीसीसी बांधायलाच सांगते. जीसीसीची पहिली आवृत्ती रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये आणली, आणि इतक्या वर्षांत त्यात न जमणारं आर्किटेक्चर क्वचितच उरलं आहे. कृती तशी लहान आहे. आधी बिनयुटिल्स, म्हणजे असेंब्लर आणि लिंकर, मग जीसीसी. दोन्हींना एकच टार्गेट (कुठल्या मशीनसाठी) आणि एकच प्रीफिक्स (कुठल्या डिरेक्टरीत बसवायचं) द्यायचा. सोर्सच्या डिरेक्टरीत बिल्ड करायचा नाही, बाजूला रिकामी डिरेक्टरी करायची. जीएमपी, एमपीएफआर आणि एमपीसी या तीन गणिती लायब्ररी लागतात. त्या शोधत बसण्यापेक्षा जीसीसीच्या सोर्समध्येच त्या उतरवून घेणारी स्क्रिप्ट आहे, ती चालवावी. सी लायब्ररीची हेडर्स नाहीत असं सांगायचं, आणि सगळं न बांधता फक्त कंपायलर आणि लिबजीसीसी बांधायचं. माझ्या आठ कोअरच्या मशीनवर सी आणि सी++ मिळून पंधरा मिनिटांच्या आत काम होतं. त्या पंधरा मिनिटांत जे कळतं ते तयार पॅकेज उतरवून कळत नाही: कुठला भाग कुठून येतो आणि कोण कोणाला बोलावतो.

लिबजीसीसीबद्दल थोडं थांबून सांगते, कारण नवे लोक तिला सी लायब्ररीचा भाग समजून सोडून देतात. ती कंपायलरची स्वतःची लायब्ररी आहे. ३२ बिटांच्या प्रोसेसरवर ६४ बिटांचा भागाकार लिहिलात तर कंपायलर तिथे लिबजीसीसीतल्या फंक्शनला कॉल टाकतो. लिनक्स कर्नल बहुतेक आर्किटेक्चरवर ती लिंक करत नाही. तिथे अशा भागाकारासाठी डू-डिव्ह वापरायचा असा दंडक आहे, आणि कोणी तो विसरलं की ३२ बिटांचा बिल्ड लिंकिंगला फुटतो. आपल्या कर्नलमध्ये लिबजीसीसी खुशाल लिंक करावी. पण एक्स८६-६४ वर एक पेच आहे: ती लायब्ररी स्वतः रेड झोन वापरून कंपाइल झालेली असते. तुम्ही तुमच्या कोडला फ्लॅग दिलात तरी हिच्या कोडला कोण देणार? त्यासाठी जीसीसीच्या कॉन्फिगरेशनमध्ये एक छोटी फाइल घालून रेड झोन नसलेली दुसरी प्रत बांधून घ्यावी लागते. ही सोय मुळातच असायला हवी होती. कर्नलवाल्यांशिवाय एक्स८६-६४-ईएलएफ हे टार्गेट वापरतं तरी कोण?

जीसीसीचा दुसरा धडा मला मेमसेटने दिला. फ्रीस्टँडिंग, म्हणजे खाली सी लायब्ररी नाही, असं सांगूनही जीसीसीला मेमकॉपी, मेममूव्ह, मेमसेट आणि मेमकंपेअर ही चार फंक्शन्स लागतात. स्ट्रक्चर कॉपी करताना तो त्यांना परस्पर कॉल करतो. ती आपण लिहायची. मी मेमसेट लिहिलं, चार ओळींचा साधा लूप. ऑप्टिमायझेशन वाढवलं आणि कर्नल बूट होताच स्टॅक संपून मेला. डिसअसेंब्ली (मशीन कोडचं वाचता येणारं रूप) काढली तर मेमसेटच्या आत लूप नव्हताच, मेमसेटलाच कॉल होता. लूप बघून जीसीसीने ओळखलं की हे तर मेमसेट आहे, आणि लूपच्या जागी कॉल ठेवला. त्या जुन्या आवृत्तीत तो स्वतःलाच बोलावतोय हे त्याच्या लक्षात येत नव्हतं. लूप डिस्ट्रिब्यूट पॅटर्न्स नावाचं ऑप्टिमायझेशन त्या एका फाइलपुरतं बंद केलं. अजूनही ती फाइल मी वेगळ्या फ्लॅगनेच कंपाइल करते.

स्वतः बांधण्याचा वेळ नसेल आणि लिनक्स कर्नलच बांधायचा असेल, तर कर्नल डॉट ऑर्गवरच्या तयार क्रॉस टूलचेन घ्या. दिवसाच्या कामात मी याच वापरते. बहुतेक सगळ्या आर्किटेक्चरसाठी, जीसीसीच्या अनेक आवृत्त्यांमध्ये, उतरवा, उलगडा, क्रॉस-कंपाइल या व्हेरिएबलला टूलचेनच्या नावाचा प्रीफिक्स द्या आणि मेक चालवा. त्यांत सी लायब्ररी नसते. त्यामुळे त्यांनी साधा हॅलो वर्ल्डही लिनक्ससाठी बांधता येत नाही, आणि मला नेमकं तेच आवडतं: चुकून यूजरलँडचा (कर्नलच्या वर चालणाऱ्या साध्या प्रोग्रॅमचा) हेडर घुसण्याची वाटच बंद. एक खबरदारी मात्र घ्या, कर्नल आणि कंपायलर यांच्या आवृत्त्या जोडीने ठरवा. लिनक्स ५.१५ ला किमान जीसीसी ५.१ चालत होता, ६.१६ पासून किमान ८.१ लागतो. जुना बोर्ड नव्या कर्नलवर नेताना टूलचेनही न्यावी लागते, आणि हे वेळापत्रकात कोणी धरत नाही.

उलट अनुभव एका चिप बनवणाऱ्या कंपनीच्या टूलचेनचा. बोर्डाबरोबर एक झिप आली, आत जीसीसी. त्यात त्यांनी स्वतःचे बदल केलेले, पण कुठले ते कुठेही लिहिलेलं नाही. त्यांचा ड्रायव्हर मॉड्यूल त्या कंपायलरने बांधलेला, आमचा कर्नल दुसऱ्याने. बिल्डने इशारा दिला की कर्नल ज्याने बांधला तो कंपायलर वेगळा आहे, आम्ही दुर्लक्ष केलं, आणि पुढचा आठवडा एका स्ट्रक्चरची मांडणी दोन बाजूंना वेगळी का दिसते ते शोधण्यात गेला. तेव्हापासून नियम केला आहे: ज्या टूलचेनचा सोर्स, आवृत्ती आणि चेकसम मला लिहून ठेवता येत नाही, ती बिल्ड मशीनवर येत नाही.

आर्मची स्वतःची तयार जीएनयू टूलचेन चांगली आहे. बेअर मेटलसाठी (खाली ऑपरेटिंग सिस्टिम नसेल तिथे) वेगळी, लिनक्ससाठी वेगळी, आणि बेअर मेटलवालीसोबत न्यूलिब ही छोटी सी लायब्ररी येते. फर्मवेअरसाठी ती सोय आहे; कर्नलसाठी न्यूलिबची गरज नाही, फक्त चुकून लिंक होऊ देऊ नका. क्रॉसटूल-एनजी हे तिसऱ्या गरजेसाठी: कर्नलही हवा, यूजरलँडही हवं, आणि प्रत्येक घटकाची आवृत्ती आपण ठरवायची आहे. लिनक्स कर्नलच्या मेनूकॉन्फिगसारखाच मेनू येतो, त्यामुळे कर्नलवाल्याला घरच्यासारखं वाटतं. ठरवलेलं सगळं एका कॉन्फिग फाइलमध्ये राहतं, ती गिटमध्ये टाकली की दोन वर्षांनी तीच टूलचेन पुन्हा बांधता येते. वेळ जास्त लागतो आणि मधेच एखादा टारबॉल (सोर्सची बांधलेली फाइल) उतरला नाही की बिल्ड थांबतो. टारबॉल आधीच साठवून ठेवा.

आता क्लँग, एलएलव्हीएम प्रकल्पाचा कंपायलर. एलएलव्हीएम प्रकल्प २००० साली इलिनॉय विद्यापीठात सुरू झाला, क्लँग २००७ मध्ये खुला झाला, आणि फ्रीबीएसडीने २०१४ च्या १०.० आवृत्तीत एक्स८६ साठी तोच मुख्य कंपायलर केला. माझ्यासाठी त्याचा सगळ्यात मोठा गुण हा की एकाच बायनरीत त्याला येणारी सगळी आर्किटेक्चर्स असतात. जीसीसीत माझ्या तीन आर्किटेक्चरसाठी तीन टूलचेन बांधाव्या लागायच्या, तीन जागी अपडेट करायच्या. क्लँगमध्ये टार्गेट हा फक्त एक फ्लॅग आहे. नवं आर्किटेक्चर करून बघायचं तर संध्याकाळी मनात आलं आणि रात्री पहिली ओळ सिरियल पोर्टवर उमटली, असं रिस्क-व्हीच्या वेळी खरोखर झालं.

जवळजवळ झालं, असं म्हणायला हवं. क्यूईएमयू या एम्युलेटरच्या व्हर्ट मशीनवर रॅम हेक्समधल्या ८००००००० या पत्त्यापासून सुरू होते. रिस्क-व्हीचं नेहमीचं कोड मॉडेल मेडलो, आणि ते शून्याच्या आजूबाजूच्या दोन गीगाबाइटमध्येच पत्ते गाठू शकतं. आपला कर्नल नेमका त्या हद्दीच्या पलीकडे. लिंकर म्हणतो की रिलोकेशन मावत नाही, आणि हे वाचून आपली लिंकर स्क्रिप्ट चुकली असं वाटतं. मीही दोन तास तीच स्क्रिप्ट उलटीसुलटी केली. उपाय एका शब्दाचा: कोड मॉडेल मेडएनी करा. जीसीसी असो वा क्लँग, हे दोन्हीकडे लागतं. तसंच झिकसर. बिनयुटिल्स २.३८ पासून कंट्रोल रजिस्टर वाचण्याच्या सूचना हे वेगळं एक्स्टेन्शन धरलं जातं, त्यामुळे कालपर्यंत असेंबल होणारी फाइल नव्या टूलचेनमध्ये नाकारली जाते. आर्किटेक्चरच्या नावात झिकसर जोडा.

आर्म ६४ वरचा प्रसंग याहून बोलका आहे. माझं केप्रिंटएफ हे मजकूर छापणारं फंक्शन पहिल्याच कॉलला पडत होतं. फंक्शनच्या आतली एकही ओळ चालत नव्हती. एक्सेप्शनचं कारण सांगणारं रजिस्टर वाचलं तर वर्ग ०७ निघाला, म्हणजे फ्लोटिंग पॉइंट युनिट बंद असताना वापरलं. पण माझ्या केप्रिंटएफमध्ये दशांश चिन्ह औषधालाही नव्हतं! डिसअसेंब्लीत उत्तर होतं. कितीही आर्ग्युमेंट्स घेणाऱ्या फंक्शनच्या सुरुवातीला कंपायलर जनरल रजिस्टर्सबरोबर क्यू-० ते क्यू-७ ही आठ फ्लोटिंग पॉइंट रजिस्टर्सही स्टॅकवर जपून ठेवतो. पुढे कोणी डबल (दशांश संख्या) मागितलं तर असावं म्हणून. बूट होतानाच्या कर्नलमध्ये ते युनिट अजून चालू केलेलं नसतं. जनरल-रेग्ज-ओन्ली हा फ्लॅग दिला आणि ती आठ रजिस्टर्स गेली. कंपायलरचं गृहीतक म्हणजे काय, हे मला कोणी विचारलं तर मी ती फंक्शनची पहिली दहा इन्स्ट्रक्शन्स दाखवते.

क्लँगची उणी बाजूही आहे. टार्गेटचा फ्लॅग विसरलात तर तो गप्पपणे लॅपटॉपसाठीच कोड बनवतो; जीसीसीत नावाचा प्रीफिक्स विसरला तर तेच होतं म्हणा, पण क्लँगमध्ये नाव एकच असल्यामुळे डोळ्यांना फरक दिसत नाही. मी मेकफाइलमध्ये एकाच जागी टार्गेट ठेवलं आहे आणि बिल्डच्या शेवटी ईएलएफ हेडरमधलं मशीन तपासते. लिंकिंगसाठी क्लँगला मध्ये न घेता थेट एलएलडी या एलएलव्हीएमच्या लिंकरला बोलावते, म्हणजे तो मागच्या दाराने लॅपटॉपचा लिंकर वापरण्याचा प्रश्नच येत नाही. एलएलडी वेगवान आहे आणि त्याच्या एरर वाचून चूक कळते. पण स्क्रिप्टमध्ये न लिहिलेले सेक्शन कुठे ठेवायचे याबाबत त्याचं आणि जीएनयू लिंकरचं एकमत नाही. म्हणून दोघांनाही असा अनाथ सेक्शन दिसला की बिल्ड थांबवायला सांगते. तो मुलगा जिथे अडकला होता, तो मल्टिबूटचा घोळ याच एका फ्लॅगने पहिल्याच लिंकला पकडला असता.

लिनक्ससाठीही क्लँग आता पूर्ण भरवशाचा आहे. पिक्सेल २ हा फोन २०१७ मध्ये क्लँगने बांधलेल्या कर्नलसह आला. ५.१५ पासून मेकला एलएलव्हीएम=१ दिलं की कंपायलर, लिंकर आणि असेंब्लरही एलएलव्हीएमचाच वापरला जातो. ५.१२ मध्ये लिंक-टाइम ऑप्टिमायझेशन आलं तेही क्लँगसाठीच. मात्र अल्फा किंवा पीए-रिस्कसारख्या जुन्या मशीनवर काम असेल तर जीसीसीला पर्याय नाही.

झिग या भाषेबरोबर येणारा सी कंपायलर दोन दिवस वापरून पाहिला. आत क्लँगच आहे, क्रॉस कंपाइल करणं सोपं आहे, पण डीबग बिल्डमध्ये तो अनडिफाइन्ड बिहेवियरचे (सी भाषा ज्याचा अर्थ ठरवत नाही अशा कोडचे) सापळे स्वतःहून लावतो. कर्नल अवैध इन्स्ट्रक्शनवर थांबतो. ते बंद करता येतं. यूजरलँडचे छोटे प्रोग्रॅम बांधायला मी तो ठेवला, कर्नलला नाही.

तर रोजचं काम क्लँग आणि एलएलडीवर, आणि रात्रीच्या आपोआप होणाऱ्या बिल्डमध्ये तोच कोड माझ्या हाताने बांधलेल्या जीसीसीतूनही जातो. हा दुहेरी खर्च का, त्याचं कारण पंधरा दिवसांपूर्वी पुन्हा मिळालं. आर्म ६४ वर पेज टेबलची (मेमरीच्या पत्त्यांच्या तक्त्याची) नोंद बदलायची, मग डीएसबी (आधीचं लिखाण पूर्ण होईपर्यंत थांबवणारी सूचना), मग टीएलबी (त्या तक्त्याचा कॅश) साफ करायचं, असा क्रम मी इनलाइन असेंब्लीत लिहिला होता. क्लँगच्या बिल्डवर सहा महिने निर्धोक चालला. जीसीसीची नवी आवृत्ती आली आणि त्याच चाचणीत पेज फॉल्ट. जीसीसीने नोंद लिहिण्याची सूचना डीएसबीच्या खाली नेली होती, आणि त्याला तो अधिकार होता: मी व्होलटाइल लिहिलं होतं, पण मेमरी क्लॉबर लिहिला नव्हता. ही असेंब्ली मेमरीला हात लावते, हे मी कंपायलरला सांगितलंच नव्हतं. तो शब्द जोडला. मग बाकीच्या फाइल्समध्ये शोधलं, आणि आणखी तीन ठिकाणी तो नव्हता.